माझ्या एकवीस वर्षांना 'गॅप' म्हणू नका : बी-स्कूलच्या अ‍ॅडमिशन कमिट्यांना खुलं पत्र

सर्व मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या अ‍ॅडमिशन कमिटीतल्या आणि इंटरव्ह्यू पॅनलवर बसणाऱ्या सर-मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी जूनमध्येच लिहायला घेतलं होतं पण पूर्ण करायला ऑक्टोबर उजाडला, कारण आधी मुलाचं अकरावीचं अ‍ॅडमिशन आणि मग २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे रेट बदलले. आमच्या ऑटो पार्टवाल्यांचं सगळं १८ टक्क्यांत आलं आणि स्टोअर्स-परचेस दोन्ही माझ्याकडे असल्यामुळे जुन्या पीओ (खरेदीच्या ऑर्डर) बदला, कुणाचं चलान जुन्या रेटने आलंय ते परत पाठवा, व्हेंडरला फोनवर समजावा, त्यात दसरा-दिवाळीचं शेड्यूल अंगावर. आता जरा श्वास घ्यायला मिळालाय तर बसून लिहिते.

मी नाशिकची, वय ४२. माहेर निफाड तालुक्यातलं, कांदा-द्राक्षाचं घर. २००४ ला बीकॉम झाले, २००५ पासून सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत आहे. लागले तेव्हा स्टोअर्समध्ये जीआरएन लिहायचं काम होतं, म्हणजे गाडीतून माल उतरला की मोजायचा, चलानाशी ताडायचा, रजिस्टरला चढवायचा. आज स्टोअर्स आणि परचेस दोन्ही सांभाळते, हाताखाली अकरा माणसं आहेत, महिन्याला सव्वा-दीड कोटीची खरेदी माझ्या सहीने जाते. मागच्या वर्षी ठरवलं की एमबीए करायचं, नीट वर्गात बसून, चांगल्या ठिकाणी. २४ नोव्हेंबर २०२४ ला कॅट, म्हणजे आयआयएमसारख्या ठिकाणची प्रवेश परीक्षा, दिली, एप्रिलमध्ये राज्याची सीईटी दिली, मध्ये एका इन्स्टिट्यूटमध्ये इंटरव्ह्यूपर्यंत पोचले, आणि शेवटी या वर्षी कुठेच अ‍ॅडमिशन झालं नाही. नाही झालं त्याचं दुःख आहे, पण त्यासाठी हे पत्र नाही. मार्क कमी पडले तर पडले, पुन्हा अभ्यास करीन. पत्र लिहितेय ते एका शब्दासाठी.

सीईटीचा निकाल लागला, कागदपत्रांच्या तपासणीची वेळ आली. काउंटरवरच्या मुलाने फाईल चाळली, बीकॉमच्या मार्कलिस्टवरचं साल बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, गॅप सर्टिफिकेट लागेल." मी म्हटलं कसला गॅप? तर म्हणे, "एकवीस वर्षांचा." स्टॅम्प पेपरवर अ‍ॅफिडेव्हिट करायचं, की मी या काळात दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात प्रवेश घेतलेला नाही वगैरे वगैरे. त्या मुलाची काहीच चूक नव्हती, तो उलट प्यायला पाणी देत होता आणि टायपिंगवाला कुठे बसतो ते सांगत होता. मी मुकाट्याने जाऊन अ‍ॅफिडेव्हिट करून आणलं. टाइप करणाऱ्या काकांनी विचारलं, गॅपचं कारण काय लिहू? मी म्हटलं, नोकरी. ते म्हणाले, फॉरमॅटमध्ये आजारपण किंवा घरगुती कारण असं असतं, घरगुती टाकू का? मी त्यांना म्हटलं, नाही काका, नोकरीच लिहा. रिक्षात बसल्यावर डोळ्यात पाणी आलं. एकवीस वर्षं मी काय झोपले होते का.

म्हणून तुम्हाला सांगायचंय की त्या एकवीस वर्षांत काय काय होतं. फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती, इंटरव्ह्यूत कुणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते.

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र. नोटा बंद झाल्या तेव्हा आमचे लहान व्हेंडर, म्हणजे अंबडला दोन शेडमध्ये प्लेटिंग करणारे, डीबरिंग (कापलेल्या धातूच्या कडा घासून साफ) करणारे, त्यांचा सगळा पगार रोखीत. शनिवारी वाटप असायचं. पुढचे तीन आठवडे मी आणि अकाउंटवाले भाऊ त्यांच्या कामगारांची बँक खाती उघडून देत फिरत होतो, कारण ती माणसं गावाला निघून गेली असती तर आमची लाइन चौथ्या दिवशी थांबली असती. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी. आमच्या ६३ व्हेंडरपैकी १९ जणांकडे नंबरच नव्हता. एकेकाला समोर बसवून नोंदणी करायला लावली, काहींच्या बायका हिशोब बघायच्या, त्यांना शिकवलं, त्यातल्या दोघी आजही स्वतः रिटर्न भरतात.

आणि बीएस-सिक्स, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा नियम. ही गोष्ट मला खरंच कुणीतरी विचारायला हवी होती. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१८ मध्येच सांगितलं होतं की १ एप्रिल २०२० पासून बीएस-फोर गाडी विकायची नाही. आता गाडी विकायची नाही म्हणजे त्या गाडीचा पार्टही कुणी घेणार नाही. आम्ही सायलेन्सरचे ब्रॅकेट बनवतो, बीएस-सिक्सला एक्झॉस्टची रचना बदलली, तर ब्रॅकेटचं ड्रॉइंग बदललं, डाय बदलली, पत्र्याची जाडीही बदलली. म्हणजे जुना पत्रा, जुने तयार ब्रॅकेट, सगळं मार्च २०२० पर्यंत शून्यावर आणायचं आणि नवीन मात्र वेळेवर तयार पाहिजे. कस्टमर शेवटपर्यंत जुन्याचंही शेड्यूल देत होता, कमी केलं तर लाइन थांबवल्याचा दंड, जास्त बनवलं तर भंगार. मी डिसेंबरपासून रोज संध्याकाळी एका वहीत तीन आकडे लिहायचे : हातातला माल, वाटेतला माल, कस्टमरच्या गोडाऊनला पडलेला माल. तिसरा आकडा कुणी देत नव्हतं, तो मी त्यांच्या स्टोअर्समधल्या एका दादांना रोज फोन करून मिळवायचे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे जुने फक्त चौदाशे ब्रॅकेट उरले होते. मग लॉकडाऊन लागला आणि सगळंच थांबलं, पण शेजारच्या कंपन्यांत लाखालाखाचा जुना माल भंगारात गेला, आमचा गेला नाही. ती वही माझ्याकडे आहे अजून.

नंतर मला कळलं की या सगळ्याला तुमच्याकडे शब्द आहेत. इन्व्हेंटरी, फोरकास्ट, बुलव्हिप इफेक्ट. कॅटच्या तयारीच्या वेळी एका मुलाने मला बुलव्हिप समजावून सांगितला, की शेवटच्या गिऱ्हाइकाकडे मागणी थोडीशी हलली तरी मागे मागे सप्लायरकडे येईपर्यंत ती मोठी होत जाते. मी ऐकतच राहिले. २०२१ मध्ये चिप मिळेना म्हणून गाड्या बनेनात, गाड्या नाहीत म्हणून आमचे ब्रॅकेट पडून, आणि आमच्याकडून पत्रा घेणं थांबलं म्हणून पत्रेवाल्याने भाव बदलला, हे मी पोटात गोळा येईपर्यंत अनुभवलंय, फक्त त्याला नाव आहे हे माहीत नव्हतं. मला ती नावं हवी आहेत. नाव कळलं की माणूस पुढचा विचार करू शकतो, नाहीतर दरवेळी पहिल्यापासून चाचपडायला लागतं. म्हणून वर्गात बसायचंय.

आता "वयाची अट नाही" याबद्दल. कॅटला वयाची वरची मर्यादा नाही, पदवीला ५० टक्के पाहिजेत, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ४५, बस. सीईटीलाही नाही. हे वाचून किती बरं वाटलं होतं. पण मग प्रत्येक इन्स्टिट्यूटचे शॉर्टलिस्टिंगचे नियम वाचले. बऱ्याच ठिकाणी दहावीचे मार्क धरतात, बारावीचे धरतात. माझी दहावी १९९९ ची. ७५० पैकी ५३३, म्हणजे ७१ टक्के. आमच्या गावात त्या वर्षी मुलींमध्ये मी पहिली होते, वडिलांनी पेढे वाटले, शाळेत सत्कार झाला. माझ्या मुलाने याच वर्षी दहावी दिली, त्याला ९१ पडले आणि त्याच्या वर्गात त्याचा नंबर विसाच्याही पुढे आहे. मुलाचं कौतुक आहेच, त्याने मेहनत केली, पण आमच्या वेळी सगळ्या विषयांचे मार्क मोजायचे, २०१० पासून बोर्डाचं बेस्ट ऑफ फाइव्ह आलं, पेपरचं स्वरूप बदललं, तपासणी बदलली. ७१ आणि ९१ एकाच फुटपट्टीने कसे मोजता हो? तुम्ही तर आकड्यांची माणसं आहात. वेगवेगळ्या बोर्डांचा फरक धरणाऱ्या इन्स्टिट्यूट आहेत, मग वेगवेगळ्या सालांचा फरक का धरता येऊ नये. आणि मुळात बेचाळीस वर्षांच्या बाईला सोळाव्या वर्षीच्या मार्कांवर का जोखायचं, हे मला कुणीतरी एकदा नीट समजावून सांगा, मी ऐकून घेईन.

तसंच अनुभवाचं. काही मोठ्या ठिकाणी अनुभवाचे मार्क छत्तीस महिन्यांपर्यंत वाढतात आणि तिथे थांबतात. म्हणजे तीन वर्षं काम केलेला आणि वीस वर्षं काम केलेली, दोघं सारखे. सतरा वर्षांना शून्य.

कॅटचा पेपर अवघड गेला, ते मान्य करते. दोन तासांत ६८ प्रश्न, प्रत्येक सेक्शनला चाळीस मिनिटं आणि घड्याळ संपलं की मागे जाता येत नाही. सकाळी साडेचारला उठून अभ्यास केला, रात्री मुलगा दहावीचा आणि मी क्वांटचं (गणिताचं), एकाच डायनिंग टेबलवर. सासूबाई दोघांना दूध द्यायच्या. मला ८३ पर्सेंटाइल आले. मोठ्या आयआयएमसाठी ते पुरेसे नाहीत हे मला माहीत आहे आणि त्यात सवलत मी मागत नाही, कधीच मागणार नाही. एक मात्र वाटतं, जीमॅट या दुसऱ्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर पाच वर्षं चालतो आणि कॅटचा एकच वर्ष. नोकरी, घर, मुलाची परीक्षा यातून वेळ काढून जो माणूस पेपर देतो त्याला दरवर्षी पुन्हा पहिल्यापासून करायला लावणं जड जातं.

कुणी म्हणेल की तुमच्यासाठी एक वर्षाचे एक्झिक्युटिव्ह कोर्स आहेत की. आहेत, आयआयएम अहमदाबादने २००६ मध्ये पीजीपीएक्स सुरू केला, मग बाकीच्या आयआयएमचे आले, चार-पाच वर्षांचा अनुभव कमीत कमी मागतात आणि तिथे अनुभवाला मान आहे हे वाचूनच समजतं. पण त्यासाठी वर्षभर नोकरी सोडून कॅम्पसवर राहायचं आणि फी पंचवीस-तीस लाखांच्या पुढे. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. मुंबईत जमनालाल बजाजला संध्याकाळचे पार्टटाइम कोर्स आहेत, तीन वर्षांचे, किती चांगली सोय, पण ती चर्चगेटला. पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकची माणसं रोज मुंबईला नोकरीला जातात हे खरं असलं तरी संध्याकाळच्या लेक्चरला जाऊन रात्री परत येता येत नाही. मुक्त विद्यापीठ तर आमच्या नाशिकचंच, १९८९ पासून, आमच्या कंपनीतल्या तीन मुली तिथून बीकॉम झाल्या आणि त्या विद्यापीठाचे उपकार आहेत आमच्यावर. पण मला समोर माणसं हवी आहेत, वाद घालायला, चूक सांगायला. सीईटीतून नाशिकमधलंच एक कॉलेज मिळत होतं, ते दिवसाचं, सकाळी दहा ते चार, हजेरीची सक्ती. सोडून द्यावं लागलं. सातपूर, अंबड, सिन्नर, एवढी एमआयडीसी इथे, माझ्यासारखे किती सुपरवायझर, किती फोरमन, आणि शनिवार-रविवारचा चांगला, वर्गात बसून करायचा एमबीए मला परवडेल असा सापडला नाही.

फॉर्मबद्दलही सांगते, कारण तिथेच बरेच जण सोडून देतात. माझ्या मार्कलिस्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. सिस्टीम म्हणते नाव जुळत नाही. मग लग्नाचं सर्टिफिकेट, ते २००६ चं, ग्रामपंचायतीचं, त्याच्यावरचा शिक्का पुसट. माझ्याबरोबरच्या पुरुषाला हा त्रास नाही. मार्कलिस्टवर पुणे विद्यापीठ, आणि यादीत सापडतं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कारण नाव २०१४ मध्ये बदललं. वडिलांनी हौसेने सगळ्या मार्कलिस्ट लॅमिनेट करून ठेवल्या होत्या, त्या स्कॅन केल्या की चकाकी येते आणि अपलोड रिजेक्ट. तीन रात्री गेल्या यात. हे सगळं एका फोनने सुटलं असतं पण हेल्पलाइन दुपारी चालू असते आणि दुपारी मी शॉपफ्लोअरवर असते.

आणि शिफारसपत्र. एका ठिकाणी दोन रेफरन्स मागितले होते, लिंक ऑफिशियल मेलवर जाते. आमचे मालक ६८ वर्षांचे, त्यांना आम्ही काका म्हणतो, ते मेल उघडत नाहीत. मी त्यांना सांगितलं तर त्यांनी माझ्यासाठी हाताने दीड पान मराठीत लिहिलं. त्यात बीएस-सिक्सचं लिहिलंय, लॉकडाऊनमध्ये कामगारांना किराणा कसा पोचवला ते लिहिलंय, आणि २०१४ ला मुलगी झाल्यावर मी चौदा महिने घरी होते तेव्हा स्टोअर्सची काय अवस्था झाली तेही लिहिलंय. मी ते एका मॅडमकडून इंग्रजीत करून घेतलं. पण लिंक उघडली तर नुसते चौकोन, उमेदवार तुमच्या पाहण्यातल्या वरच्या ५ टक्क्यांत आहे की १० टक्क्यांत की २५, टिक करा. पत्र जोडायला जागाच नाही. काका चष्मा लावून बराच वेळ बघत बसले, म्हणाले, "ताई, यात तुझं काय लिहू मी?"

आता इंटरव्ह्यू. इन्स्टिट्यूटचं नाव घेणार नाही, नाव घेऊन काही साधणार नाही आणि तिथली माणसं वाईट होती असंही नाही. मार्चचा पहिला आठवडा, मुलाचे बोर्डाचे पेपर चालू होते. पॅनलवर तिघं. पहिला प्रश्न, मॅडम, आत्ता का? दुसरा, मुलाची दहावी आहे म्हणता, मग घरचं कोण बघतंय? तिसरा, तेवीस वर्षांच्या मुलांच्या ग्रुपमध्ये तुम्हाला जमेल का, त्यांचं ऐकून घ्याल का? चौथा, दोन वर्षांनी तुम्ही ४४ च्या, कुठली कंपनी फ्रेशर म्हणून घेईल? अकरा मिनिटांत संपलं. मी बाहेर आले तेव्हा पुढचा मुलगा आत गेला, तो पंचवीस मिनिटं आत होता. मी तिथेच बाकावर बसून होते, बसची वेळ व्हायची होती.

यातल्या कुठल्याच प्रश्नाचा मला राग नाही. घरचं कोण बघतंय, तर मिस्टर आणि सासूबाई बघतात, आनंदाने बघतात. हा प्रश्न त्या पंचवीस मिनिटांच्या मुलाला विचारला का एवढंच जाणून घ्यायचंय. तरुण मुलांचं ऐकण्याचं म्हणाल तर माझा आत्ताचा बॉस ३४ वर्षांचा आहे, आमच्या क्वालिटीतल्या इन्स्पेक्टर मुली बावीस-तेवीसच्या आहेत, त्या रोज माझा माल रिजेक्ट करतात आणि मी ऐकते. पण "आत्ता का" याचं उत्तर मी तयारी करून गेले होते आणि ते अर्ध्यातच थांबवलं गेलं, म्हणून इथे पूर्ण करते.

आत्ता, कारण आमची कंपनी सायलेन्सरचे ब्रॅकेट आणि फ्युएल लाइनचे क्लॅम्प बनवते. इलेक्ट्रिक गाडीला सायलेन्सर नसतो. फ्युएल लाइनही नसते. आज आमचं शेड्यूल भरलेलं आहे, जीएसटी कमी झाल्यामुळे तर ओव्हरटाइम चालू आहे, पण रस्त्यावर नुसतं उभं राहून रिक्षा आणि स्कूटर मोजल्या तरी कळतं काय येतंय ते. आमच्याकडे १४० माणसं आहेत, त्यातली निम्मी चाळिशीच्या पुढची, प्रेसवर आयुष्य गेलेली. आमच्या प्रेस, आमचं टूलरूम, आमची वेल्डिंगची माणसं दुसरं काय बनवू शकतात, बॅटरीच्या पेटीचं काही करता येईल का, वायर हार्नेसचे क्लॅम्प करता येतील का, त्याला किती पैसा लागेल, बँकेला काय दाखवायचं, कुठल्या कस्टमरकडे कुठल्या दाराने जायचं, हे कुणीतरी बसून ठरवायला पाहिजे. काका म्हणतात तू ठरव. मुलगा परदेशात आहे त्यांचा, तो येणार नाही. मला मालाची नाडी कळते, माणसं कळतात, पण भांडवल उभं करणं, कॉस्टिंग नीट मांडणं, पाच वर्षांचा हिशोब करणं हे मला कुणी शिकवलेलं नाही. आमच्याकडे आठ-दहा वर्षं असतील असं मी धरते. दोन शिकण्यात गेली तर बाकीची हातात राहतात. म्हणून आत्ता. पाच वर्षांनी शिकून उपयोग नाही आणि पंधरा वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता.

मला फ्रेशर म्हणून कुठल्या कंपनीने घ्यायला नकोच आहे. मी परत माझ्याच कंपनीत जाणार आहे.

इथे तुमची अडचण मला समजते, खोटं कशाला बोलू. तुमच्याकडे येणाऱ्या कंपन्या दोन-तीन वर्षांचा अनुभव मागतात. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या कॉलेजांच्या रँकिंगमध्ये पदवीनंतरच्या निकालाला २० टक्के वजन आहे आणि त्यात मीडियन सॅलरी मोजली जाते. माझ्यासारखी एक बाई घेतली, ती प्लेसमेंटला बसली नाही, परत सातपूरला गेली, तर तुमच्या आकड्यांत ती कुठे बसवायची? पण हा प्रश्न तुमच्या तक्त्याचा आहे, तो माझ्या वयाच्या माथी का. फॉर्मवरच एक रकाना ठेवा, मला प्लेसमेंट नको, मी माझ्या धंद्यात किंवा कंपनीत परत जाणार आहे. मी त्यावर सही करून देते. स्टॅम्प पेपरवर देते हवं तर.

आणि ज्यांना घ्यायचंच नाही त्यांना आधी सांगा. हे मी मनापासून सांगते, यात टोमणा नाही. मागच्या तीन वर्षांत पस्तिशीच्या पुढच्या किती जणांनी अर्ज केला, कितींना बोलावलं, कितींना घेतलं, हे तीन आकडे वेबसाइटवर टाका. शून्य असेल तर शून्य टाका. मी अडीच हजार कॅटला भरले, मग इन्स्टिट्यूटचे वेगळे, सीईटीचे वेगळे, कोचिंगचे वेगळे, माझ्यासारख्या बाईसाठी हा घरखर्चातून काढलेला पैसा असतो आणि त्याच्यामागे घरातल्या चार माणसांनी वर्षभर सोसलेलं असतं. शून्य दिसलं असतं तर मी दुसरा रस्ता शोधला असता, रागावले नसते.

गॅपचा शब्द बदलायला तर काहीच खर्च नाही. कॉलेजला नव्हता तेव्हा काय करत होता, असं विचारा आणि लिहायला अर्धं पान द्या. ज्याने काही केलं नसेल तो ते लिहील. ज्या बाईने सासऱ्यांचं आजारपण काढलं ती ते लिहील, आणि वाचणाऱ्याला कळेल की औषधं, डॉक्टर, पैसा, घरातली भांडणं हे सहा वर्षं एका हाताने चालवणं म्हणजे काय असतं. माझी नणंद अशी आहे. तिला मी फॉर्म भर म्हटलं तर म्हणाली, वहिनी, माझ्याकडे दाखवायला काहीच नाही. तिच्याकडे काही नाही असं तिला कुणी शिकवलं?

यंदा पुन्हा कॅटचा फॉर्म भरलाय, ३० नोव्हेंबर २०२५ ला पेपर आहे. डीआयएलआर (डेटा आणि लॉजिकचा सेक्शन) माझं कच्चं आहे, त्यावर काम चालू आहे, मुलगा आता मला सेट सोडवून देतो आणि वेळ लावतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्यापैकी कुणी बोलावलंत तर मी येईन. फाईलमध्ये लॅमिनेट केलेली मार्कलिस्ट असेल, ते अ‍ॅफिडेव्हिट असेल, आणि काकांचं दीड पानी पत्रही असेल, मराठीतलं आणि इंग्रजीतलं, दोन्ही. पर्समध्ये फ्युएल लाइनचा एक क्लॅम्प घेऊन येणार आहे. तो मी टेबलावर ठेवीन. वजन बेचाळीस ग्रॅम आहे, कस्टमरला आम्ही तो सहा रुपये ऐंशी पैशाला देतो आणि त्यातले आमच्या हातात किती राहतात ते मला पैशापर्यंत माहीत आहे. आधी त्याबद्दल विचारा, घरचं नंतर विचारलंत तरी चालेल.

आपली,
स्टोअर्स आणि परचेसवाली एक उमेदवार,
सातपूर, नाशिक